ग्रोत्ता जिगांते : त्रिएस्तेजवळची एका दालनाची गुहा कशी बघावी

त्रिएस्तेला येणाऱ्या ओळखीच्या माणसांनी ‘गुहा बघायची आहे’ म्हटलं की मी आधी विचारते, गुडघे कसे आहेत? कारण ग्रोत्ता जिगांतेत पाचशे पायऱ्या उतरायच्या आणि पाचशे चढायच्या असतात. लिफ्ट नाही, मधूनच बाहेर पडायची वाट नाही. पर्वतीच्या शंभरेक पायऱ्या दम न लागता चढणाऱ्याने पाच पर्वत्या एकामागून एक चढायची कल्पना करावी, तीही थंड, ओलसर हवेत. हे जमत असेल, तर इटलीच्या या ईशान्य टोकाला येऊन ही गुहा न बघता परत जाऊ नका.

मी काही वर्षं त्रिएस्तेत राहिले आणि आई-बाबांपासून कॉलेजातल्या मैत्रिणींपर्यंत बऱ्याच जणांना घेऊन या गुहेत उतरले. तेव्हा केलेल्या चुका आणि सापडलेल्या सोयी इथे एकत्र लिहिते आहे. भूमध्य समुद्राचा एड्रियाटिक नावाचा हात जिथे संपतो, तिथे त्रिएस्ते आहे. शहराच्या पाठीला लागून चुनखडीचं पठार उभं आहे. इटालियन त्याला कार्सो म्हणतात, स्लोव्हेन लोक क्रास म्हणतात आणि जर्मन कार्स्ट. दहावी-बारावीच्या भूगोलात आपण जी ‘कार्स्ट भूरूपं’ पाठ केली, त्यांना हे नाव याच पठारावरून मिळालं.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्याकडे गुहा म्हटलं की डोळ्यांपुढे अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे येतात. ती लेणी आहेत, माणसांनी छिन्नीने कोरलेली. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा. हा दगड पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे अशा गुहा दख्खनच्या पठारावर तयार होत नाहीत. कार्सोवर सगळं काम पाण्याने केलं आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि फटींमधून जाताना चुनखडी विरघळवत नेतं. हेच पाणी गुहेच्या छतातून थेंबाथेंबाने बाहेर आलं की त्यातला वायू सुटतो आणि विरघळलेला चुना मागे उरतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या बादलीवर आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, त्याचाच हा भाऊ. फक्त इथे त्याला हजारो वर्षं मिळाली.

असा चुना साठून जे खांब तयार होतात, त्यांना शाळेत आपण ‘लवणस्तंभ’ म्हणायला शिकलो. यातलं लवण म्हणजे मीठ नव्हे, क्षार. माझ्या वडिलांनी आत शिरताच विचारलं होतं की चाटून पाहिलं तर खारट लागेल का. नाही लागणार. आणि चाटायचं राहू द्या, हातही लावायचा नाही. त्याबद्दल पुढे.

कधी जायचं

गुहेच्या आत बाराही महिने साधारण ११ अंश सेल्सिअस असतं. त्यामुळे आतल्या हवेसाठी ऋतू निवडायची गरज नाही, बाहेरच्या हवेसाठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्रिएस्ते तापतं तेव्हा गुहेत शिरताना फ्रीजचं दार उघडल्यासारखं वाटतं, पण गर्दीही तेव्हाच असते. हिवाळ्यात इथे बोरा नावाचा वारा सुटतो. तो पठारावरून समुद्राकडे कोसळतो आणि त्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जातात. अशा दिवशी बसथांब्यावर उभं राहणं हीच शिक्षा असते. माझ्या मते एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले. ऑक्टोबरात पठारावरची सुमाक झुडपं लालभडक होतात आणि बसच्या खिडकीतूनच निम्मे पैसे वसूल होतात.

सोमवारी जाऊ नका. जुलै-ऑगस्ट आणि सणाचे दिवस सोडले तर सोमवारी गुहा बंद असते. मी हे न बघता मैत्रिणीला घेऊन गेले आणि बंद फाटकासमोर डबा खाऊन परतले. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात दिवस लवकर आटोपतो. म्हणून आदल्या रात्री गुहेच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या फेऱ्यांच्या वेळा बघा, आणि शनिवार-रविवार असेल तर तिकीटही तिथेच काढा. आत गाईडबरोबर ठरलेल्या वेळी सोडतात. एक फेरी साधारण तासाभराची असते.

अंगावर काय, पिशवीत काय

आईला मी पहिल्यांदा नेलं तेव्हा ती सुती पंजाबी ड्रेस आणि सँडलमध्ये आली. बाहेर तीस अंश, म्हणून मीही काही बोलले नाही. उतरताना ठीक वाटलं. खाली उभं राहून गाईडचं ऐकताना मात्र ती कुडकुडायला लागली आणि चढताना ओल्या पायरीवर तिचा पाय दोनदा सरकला. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. तळव्याला खाचा असलेले बूट, पूर्ण पँट आणि एक स्वेटर किंवा विंडचीटर. स्वेटर उतरताना अंगात आणि चढताना कमरेला. जाड जॅकेट नको, कारण परतीच्या चढणीत घाम फुटतो.

पाठीवर छोटी सॅक घ्या म्हणजे दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे राहतात. पाण्याची बाटली ठेवा, पण आत खाऊ नका. चष्मा असेल तर पुसायला कापड जवळ असू द्या. आतली आर्द्रता इतकी आहे की काचेवर वाफ धरते. प्रॅम नेता येत नाही. तान्हं बाळ असेल तर ते अंगाशी बांधायची झोळी किंवा कॅरिअर हवा, आणि उचलणाऱ्याच्या पायांवर तुमचा पूर्ण विश्वास हवा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना मात्र मी न घाबरता नेते. सुरुवातीचा जिना सोडला तर इथे कुठेच कोंडल्यासारखं होत नाही, उलट इतकी मोकळी जागा अंगावर येते.

शहरातून गुहेपर्यंत

व्हेनिसहून त्रिएस्ते रेल्वेने दोनेक तासांवर आहे. विमानाने आलात तर रोंकीच्या विमानतळालाच स्वतःचं रेल्वे स्थानक आहे. त्रिएस्ते चेंत्राले स्थानकातून बाहेर पडून शहराकडे पाचदहा मिनिटं चाललं की पियाझ्झा ओबेर्दान हा चौक येतो. इथून ४२ क्रमांकाची बस पकडायची. तिकीट बसमध्ये चढण्याआधी घ्या. मोठ्या ‘T’ची पाटी लावलेलं तंबाखूचं दुकान, ज्याला इटालियन ताबाक्की म्हणतात, तिथे ते मिळतं. परतीचं तिकीटही तेव्हाच घेऊन ठेवा, कारण वर गावात दुकान उघडं सापडेलच असं नाही. बसमध्ये चढल्यावर तिकिटावर यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, दंड होतो.

बस वळणं घेत पठारावर चढते. चढताना डावी-उजवीकडे समुद्र दिसत राहतो. वर ओपिचिना हे मोठं गाव येतं आणि मग पाट्या दुभाषी होतात. वर इटालियन, खाली स्लोव्हेन. तुमच्या थांब्याचं नाव बोर्गो ग्रोत्ता जिगांते, त्याचंच स्लोव्हेन नाव ब्रिश्चिकी. दोन्ही लक्षात ठेवा. या पठारावर स्लोव्हेन बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि थांब्यावर एखाद्या आजीला रस्ता विचारलात तर ती कोणतं नाव घेईल सांगता येत नाही. बेळगावकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. थांब्यावरून गुहा चालत काही मिनिटांवर आहे. प्रवास अर्ध्या तासाचा, पण परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर बघून तिचा फोटो काढून ठेवा.

ओपिचिनाची जुनी ट्राम अनेकांना खुणावते. १९०२ सालची ही ट्राम तीव्र चढावर दोरखंडाच्या जोरावर वर जाते आणि बघायला सुरेख आहे. पण २०१६ च्या अपघातानंतर ती कित्येक वर्षं बंद होती. म्हणून गुहेची वेळ तिच्या भरवशावर ठरवू नका. चालू दिसली तर परतीला बसा.

खाली उतरताना

तिकीट घेतल्यावर वेळ असेल तर आधी तिथलं छोटं संग्रहालय बघा. या परिसरातल्या गुहांमध्ये सापडलेली हाडं तिथे आहेत, त्यात नामशेष झालेल्या गुहा-अस्वलांची हाडंही आहेत. गुहेतून वर आल्यावर पाय इतके थकलेले असतात की संग्रहालय राहून जातं.

मग जिना सुरू होतो. पहिल्या टप्प्यात भिंती जवळ असतात, हवा थंड होत जाते, मागचा उजेड विझतो. इथे घाई करू नका आणि गटाच्या अगदी पुढेही राहू नका. पुढच्यांना गाईड चालवत नेतो, मागच्यांना थांबायला मिळतं. एका वळणानंतर भिंत संपते आणि समोर ते दालन येतं. उंची ९८.५ मीटर, लांबी सुमारे १६७ मीटर, रुंदी ७६ मीटर. आकड्यांनी काही कळत नाही, म्हणून असं बघा: विजापूरचा गोलघुमट जमिनीपासून सुमारे ५१ मीटर उंच आहे. त्यावर जवळजवळ तेवढाच दुसरा उभा केला, तरच छताला टेकेल. आणि मुंबईचा गेटवे ऑफ इंडिया, २६ मीटरचा, या दालनाच्या एका कोपऱ्यात ठेवला तर शोधावा लागेल. १९९५ साली गिनेसच्या पुस्तकात ही पर्यटकांसाठी खुली असलेली सर्वांत मोठी गुहा म्हणून नोंदली गेली. पुढे फ्रान्समधली ला व्हेर्ना लोकांना खुली झाली आणि तो मान तिकडे गेला. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

या पहिल्या सज्जावर मिनिटभर तरी थांबा. खाली तळाशी मुंग्यांएवढी माणसं दिसतील, आदल्या फेरीतली. त्यांच्यावरूनच डोळ्यांना माप कळतं. मोबाइलच्या फोटोत हे माप येत नाही. फोटो काढायचाच तर दूरवरचं एखादं माणूस चौकटीत घ्या, आणि फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशचा उजेड तिथवर पोचतही नाही, फक्त शेजाऱ्याचे डोळे दिपतात.

कठड्यावरचा हात सोडू नका, पण भिंतीला आणि स्तंभांना हात लावू नका. आपल्या त्वचेचं तेल दगडावर बसलं की पुढचं चुन्याचं पाणी त्यावर नीट धरत नाही, तो भाग काळा पडतो आणि वाढ खुंटते. एक मिलिमीटर वाढायला वर्षानुवर्षं लागतात, तो एका स्पर्शात बिघडतो. मुलांना हे वरच सांगा, खाली ओरडून नव्हे.

तळाशी काय बघायचं

इथे उभे असलेले स्तंभ इतर गुहांतल्यासारखे टोकदार नाहीत. एकावर एक ताटल्या रचून ठेवाव्यात तसे दिसतात. पाहुणे फोटो काढून पुढे जातात, पण त्यामागचं कारण समजलं की मजा येते. थेंब ऐंशी-नव्वद मीटरवरून पडतो. इतक्या उंचीवरून आदळला की तो एका जागी न राहता फुटून पसरतो, म्हणून चुना रुंद थाळीसारखा साठतो. छत बुटकं असतं तर हेच स्तंभ सडपातळ झाले असते. त्यांच्या आकारात छताची उंची लिहिलेली आहे. सर्वांत उंच स्तंभाचं नाव कोलोन्ना रुज्जेरो, १२ मीटर, म्हणजे चार मजल्यांएवढा. तांबूस रंग लोहाच्या क्षारांचा. पठारावरच्या लाल मातीतून ते पाण्याबरोबर उतरतात.

आता मान वर करा. छतापासून तळातल्या एका खोपटापर्यंत दोन लांब नळ्या सरळ खाली येताना दिसतील. कोणाला वाटतं विजेच्या वायरी असतील. त्या नळ्यांच्या आत तारा आहेत आणि त्या जगातल्या सर्वांत लांब लंबकांपैकी एका जोडीच्या आहेत. त्रिएस्ते विद्यापीठाचे भूगणितज्ञ अंतोनियो मारुस्सी यांनी १९५९ मध्ये ते इथे बसवले. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते हे कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं. पण त्याच ओढीने पायाखालची घट्ट जमीनही किंचित उचलली जाते, कलते. तो कल हे लंबक मोजतात. एड्रियाटिकमध्ये पाणी चढलं की त्याच्या वजनाने किनारा किती झुकतो, पाऊस कोसळून भूमिगत नदीला पूर आला की पठार कसं कलतं, हेही त्यात उमटतं. १९६० च्या चिलीच्या महाभूकंपाने आणि २००४ साली सुमात्राच्या भूकंपाने पृथ्वी घंटेसारखी थरथरत राहिली, ती थरथर इथे नोंदली गेली. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आपल्यापैकी बहुतेकांना आठवते. मला दरवेळी या खोपटाशी आल्यावर तो दिवस आठवतो आणि आवाज आपोआप खाली येतो. गाईड इथे थोडं लवकर पुढे सरकतात. तुम्ही थांबवा आणि प्रश्न विचारा. मी पाहिलेल्या सगळ्या गाईडांना या विषयावर बोलायला आवडतं.

हरवलेल्या नदीची गोष्ट

चढणीला लागण्याआधी ही गोष्ट माहीत असावी, कारण ती माहीत असली की गुहेचा रिकामेपणा वेगळा वाटतो. १७१९ मध्ये त्रिएस्ते मुक्त बंदर झालं आणि शहर झपाट्याने वाढलं. पाणी मात्र पुरेना. पठारावर पाऊस भरपूर, पण नदी एकही नाही, सगळं पाणी जमिनीत गडप होतं. तिमावो नावाची नदी, आजच्या स्लोव्हेनियात तिला रेका म्हणतात, श्कोत्सियान इथे डोंगराच्या पोटात शिरते आणि सुमारे चाळीस किलोमीटरवर, दुइनोजवळ समुद्राच्या तोंडाशी परत वर येते. मधल्या वाटेत तिला गाठलं तर शहराला पाणी मिळेल, या ध्यासाने आंतोन फ्रीडरिश लिंडनर नावाचा माणूस एकामागून एक विवरांत उतरत राहिला. १८४० मध्ये तो या गुहेत उतरला. पाणी नव्हतं. होतं ते हे प्रचंड कोरडं दालन.

नदीने फार पूर्वी ही जागा सोडली होती आणि ती खोल, जवळजवळ समुद्राच्या पातळीला गेली होती. लिंडनरने शोध थांबवला नाही. १८४१ मध्ये त्रेबिचानोच्या विवरात ३२९ मीटर खाली त्याला खरंच तिमावो सापडली. पण इतक्या खोलून पाणी वर आणणं त्या काळी अशक्य होतं, आणि त्याच वर्षी तो वारला. ग्रोत्ता जिगांते १९०८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मराठवाड्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या माझ्या आईला ही गोष्ट खाली उभं राहून सांगितली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बिचाऱ्याला पाण्याऐवजी देऊळ सापडलं.’

वर चढताना

परतीचा जिना वेगळा आहे, समोरच्या भिंतीवरून नागमोडी वर जाणारा. इथे नियम एकच: बोलायचं नाही, श्वास नाकाने घ्यायचा, दर पन्नास-साठ पायऱ्यांनी थांबायचं. टप्पे आहेत, मागच्यांना पुढे जाऊ द्या, कोणी काही म्हणत नाही. ज्येष्ठांच्या मागे घरातलं एक माणूस असावं, पुढे नव्हे. थांबाल तेव्हा भिंतीकडे नव्हे, दालनाकडे तोंड करा. अर्ध्या वाटेवरून संपूर्ण दालन एका नजरेत येतं. तुम्ही उतरलात तो जिना समोर, लंबकांच्या नळ्या मधोमध, आणि खाली पुढच्या फेरीची माणसं. आता ती मुंग्यांएवढी आणि तुम्ही सज्जावर.

दिव्यांजवळच्या दगडावर हिरवट थर दिसला तर तो दगडाचा रंग नव्हे. दिव्यांच्या उजेडावर वाढणारं शेवाळ ते. लोकांना दाखवण्यासाठी गुहेत दिवे लावले की त्याची ही किंमत मोजावी लागते.

बाहेर आल्यावर

पाय थरथरत असतील, बसून घ्या, पाणी प्या. भूक लागलेली असेलच. कार्सोवर ओस्मित्सा नावाची शेतकऱ्यांची घरगुती खाणावळ असते. १७८४ साली ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या सम्राट दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्यांना घरचा माल आठ दिवस विकायची परवानगी दिली. स्लोव्हेनमध्ये आठ म्हणजे ‘ओसेम’, त्यावरून हे नाव. या खाणावळी वर्षातले काही दिवसच उघड्या असतात. रस्त्याच्या कडेला हिरवी फांदी टांगलेली आणि बाण दिसला की समजा जवळच चालू आहे. मिळतं ते घरचंच: वाइन, थंड मांसाचे काप, चीज, उकडलेली अंडी, ब्रेड, लोणचं. शाकाहारी माणसाचं चीज, ब्रेड आणि लोणच्यावर छान भागतं. फक्त ऑर्डर देताना ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांस नको, हे स्पष्ट सांगा. बरोबर दशम्या आणि चटणी असेल तर ती बाहेरच्या बाकावर खा, खाणावळीत नको.

अजून चालायची ताकद असेल तर परतीच्या बसने ओपिचिनाला उतरा. तिथल्या ओबेलिस्कपासून, म्हणजे उंच दगडी स्मारकस्तंभापासून, प्रोसेक्को गावाच्या दिशेने जाणारी नापोलेओनिका ही जवळपास सपाट पायवाट आहे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली पूर्ण आखात. स्पार्कलिंग वाइनला ज्या प्रोसेक्कोवरून नाव मिळालं, ते हेच गाव. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास तिथे असाल तर समुद्राच्या टोकाला मिरामारेचा पांढरा किल्ला दिसेल. त्याच्याच शेजारी १९६४ मध्ये पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी उभं केलेलं सैद्धांतिक भौतिकीचं केंद्र आहे, जिथे आपल्याकडचे कितीतरी संशोधक येऊन गेले.

गाडी भाड्याने घेतली असेल आणि दुसरा दिवस हाताशी असेल, तर सीमा ओलांडून श्कोत्सियानला जा. तिथे तिमावो डोंगरात शिरताना प्रत्यक्ष दिसते, तिचा आवाज ऐकू येतो. पासपोर्ट जवळ ठेवा, दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी २०२३ पासून या सीमेवर तपासणी होऊ शकते. आणि क्रम हाच ठेवा: आधी लिंडनरचं कोरडं दालन, मग नदी.